घरची बाई म्हणजे रेल्वेचा दवाखाना नव्हे

(द्वारका, नाशिक इथे झालेल्या महिला गटांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रिकेवर माझ्या नावासमोर 'रुळांवरचे अपघात आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची मानसिक काळजी' असा विषय छापला आहे. तो वाचून दोघी-तिघींनी मला मघाशी विचारलं, "ताई, हा विषय युनियनच्या सभेतला ना? आपल्या बैठकीत कसा?" प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करते.

आपण बसलो आहोत त्या द्वारकेला मुंबई-आग्रा रस्त्याची गर्दी आहे, रूळ नाहीत. पण आज इथे नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी, लासलगाव, मनमाडहून मैत्रिणी आल्या आहेत. यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरातलं जेवण, झोप, मुलांचा अभ्यास, सणवार सगळं गाडीच्या वेळापत्रकावर चालतं. कुणाचा नवरा चालक, कुणाचा गार्ड, कुणाचा भाऊ गँगवर. काही जणी स्वतःच रेल्वेत आहेत. रुळावर माणूस मरतो तेव्हा पेपरात चार ओळी येतात. त्या चार ओळींनंतरचं सगळं घरात घडतं आणि घरात घडतं ते बाईच्या अंगावर येतं. म्हणून हा विषय आपला आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे बाई येते ती नवऱ्याबद्दलच्या तक्रारी घेऊन. झोपत नाही, बोलत नाही, मुलांवर खेकसतो, पितो, हात उगारतो. आम्ही नेहमीचे प्रश्न विचारतो. लग्न कधी झालं, मुलं किती, माहेर कुठलं, मारहाण कधीपासून. एकदा या शेवटच्या प्रश्नाला रेल्वे वसाहतीतल्या एका बाईने वर्ष सांगितलं नाही, थेट तारीख सांगितली. म्हणाली, "गाडीसमोर ती पोरगी आली, त्या दिवसापासून." नवरा सहाय्यक चालक. ती घटना त्याने घरात कधी सांगितलीच नव्हती. शेजारणीकडून कळली. त्यानंतर आम्ही रेल्वेतल्या घरांमधून येणाऱ्या प्रत्येक बाईला एक जादा प्रश्न विचारू लागलो: कामावर काही घडलं होतं का? उत्तर दर वेळी 'हो' येत नाही. पण येतं, आणि येतं तेव्हा बहुतेक वेळा तारखेसकट येतं.

आधी इंजिनात काय होतं ते समजून घेऊ. समोर माणूस दिसला की चालक शिटी वाजवतो, इमर्जन्सी ब्रेक लावतो. ताशी शंभरच्या वर वेगाने धावणारी गाडी थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. ट्रकवाल्याला निदान स्टिअरिंग फिरवता येतं. इंजिनात स्टिअरिंगच नसतं. ब्रेक लावल्यावर चालकाच्या हातात बघत राहण्याशिवाय काही उरत नाही. समोरच्याचा चेहरा दिसतो, कधी नजरानजर होते.

मग गाडी थांबते. सहाय्यक चालक नाहीतर गार्ड, ज्यांना २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, खाली उतरून चालत मागे जातो. माणूस जिवंत आहे का ते बघायचं, रूळ मोकळा आहे का ते बघायचं, कंट्रोलला कळवायचं, स्टेशनवर मेमो द्यायचा. पुढचा पंचनामा लोहमार्ग पोलिसांचा. मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, म्हणून घाई असते. आणि अनेकदा तोच चालक तीच गाडी पुढे घेऊन जातो. पुढच्या फेरीला पुन्हा त्याच किलोमीटरच्या दगडापाशी येतो. चालक मंडळी याला 'रनओव्हर' म्हणतात. एका शब्दात प्रकरण मिटतं.

असे प्रसंग किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात देशात रेल्वेच्या १७,९९३ अपघातांत १६,४३१ माणसं गेली. यातले बहुसंख्य बळी गाडीतून पडलेले किंवा रुळावर गाडीखाली आलेले आहेत. एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर गेली काही वर्षं दरसाल दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. प्रत्येक आकड्यामागे मेलेल्याचं घर असतं, हे आपण जाणतो. त्यामागे इंजिनातल्या माणसाचंही घर असतं, हे आपण मोजत नाही.

आपल्याच भागातल्या तीन घटना आठवा. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर थकून करमाडजवळ रुळांवर झोपले. पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर पसरलेल्या भाकरी सगळ्या देशाने टीव्हीवर बघितल्या. त्या मालगाडीच्या चालकाने माणसं दिसताच गाडी थांबवायचा प्रयत्न केला होता. टाळेबंदी त्याने लावली नव्हती, मजुरांना पायी त्याने पाठवलं नव्हतं. पण डोळ्यांनी बघावं लागलं ते त्याला.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या लासलगावजवळ पहाटे काम करत असलेल्या चार ट्रॅकमनना रेल्वेच्याच टॉवर वॅगनने उडवलं. टॉवर वॅगन म्हणजे विजेच्या तारांची दुरुस्ती करणारी गाडी. इथे मरणारे रेल्वेचे कामगार, गाडीवर रेल्वेचे कामगार आणि मृतदेह बघायला धावलेले सोबतीही रेल्वेचेच. त्याच रुळावर बाकीच्या गँगला पुढे रोज काम करायचं होतं.

आणि २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, लोक उतरून शेजारच्या रुळावर गेले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा जण गेले. या तिन्ही वेळी मृतांच्या वारसांसाठी मदत जाहीर झाली, चौकशी झाली. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जायचं होतं, त्यांच्या काळजीवर जाहीर चर्चा झाली नाही.

ही काळजी मग घेतं कोण? हा माझा आजचा मुख्य मुद्दा आहे. ती घेते घरातली बाई. रेल्वेच्या अनेक विभागांत चालकांच्या कुटुंबीयांसाठी मेळावे भरवले जातात. बायकांना मुलांसकट बोलावतात, चहा-नाश्ता देतात आणि समजावतात: नवऱ्याला घरी पुरेशी झोप मिळू द्या, घरातल्या कटकटी त्याच्या कानावर घालू नका, त्याला आनंदी ठेवा, कारण त्याच्या हातात हजारो प्रवाशांचे प्राण आहेत. हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. चालकाला विश्रांती हवीच. पण या उपदेशाचा अर्थ नीट बघा. गाडी सुरक्षित चालवणं ही रेल्वेची जबाबदारी. चालकाचं मन ठिकाणावर असणं हा त्या जबाबदारीचा भाग. आणि ते काम पगार नाही, प्रशिक्षण नाही, रजा नाही, अशा एका बाईकडे सोपवलेलं आहे. दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मुलांना गप्प बसवायचं, रात्री तो दचकून उठला की पाणी द्यायचं, तो बोलला नाही तर सोसायचं, बोलला तर ते सगळं स्वतःच्या पोटात ठेवायचं. आणि उद्या काही चुकलं तर 'घरी ताण होता का?' हा प्रश्नही तिच्याकडेच येणार. बाईच्या कष्टाची मोजदाद होत नाही, हे आपण स्वयंपाक आणि पाणी भरण्याबद्दल कित्येक वर्षं बोलतो आहोत. हेही तेच आहे.

तुम्ही म्हणाल, पुरुष स्वतः जाऊन मदत का मागत नाहीत? 'पुरुषाने रडायचं नसतं' ही शिकवण आहेच. पण सगळा दोष त्या शिकवणीवर टाकून चालणार नाही. यात पैशाचं गणित आहे. चालकाच्या कमाईतला मोठा हिस्सा गाडी किती किलोमीटर चालवली यावर मिळतो. त्याला माइलेज म्हणतात. गाडीवर नाही, तर माइलेज नाही. चालकाला कडक वैद्यकीय तपासणीतून जावं लागतं. 'मला झोप येत नाही, डोळ्यांपुढे तेच दिसतं' असं डॉक्टरला सांगितलं आणि त्याने गाडीसाठी अपात्र ठरवलं, तर? नोकरी लगेच जात नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने दिलेलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० ने पुढे चालू ठेवलेलं संरक्षण आहे: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, दर्जा कमी करता येत नाही. पण माइलेज जातं, गाडीवरची ओळख जाते. घराचे हप्ते, मुलांच्या फिया त्या माइलेजवर बेतलेल्या असतात. मग चालक गप्प बसतो. ड्युटीवर हजर होताना श्वासाची तपासणी असते, म्हणून ड्युटीच्या आधी पीत नाही. पितो ते सुटीच्या दिवशी, घरी. म्हणजे कामाचा ताण बाहेर पडण्याची जागासुद्धा आपोआप घरच ठरते.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे, कारण आपल्यातल्या काही जणींच्या मनात ती आलीच असणार. नवऱ्याला धक्का बसला होता म्हणून त्याने मारलं, असं म्हणून आपण मारहाणीला माफी देतो आहोत का? अजिबात नाही. असाच प्रसंग बघितलेले कितीतरी चालक बायकोवर हात टाकत नाहीत. वरिष्ठांसमोर ज्याचा तोल जात नाही, त्याचा तो घरीच का जातो, हा प्रश्न विचारायलाच हवा. मन जखमी आहे म्हणून त्याला उपचार मिळावेत. मारण्याचा अधिकार मिळू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली त्या बाईला संरक्षण मागता येतं आणि आमच्या केंद्रात आम्ही ते आधी सांगतो. त्याच्या उपचाराची व्यवस्था आणि तिची सुरक्षितता ही दोन वेगळी कामं आहेत. 'तो आजारी आहे, सांभाळून घे' असं म्हणून दुसरं काम पहिल्यात बुडवू नका.

आता रेल्वेत काम करणाऱ्या बायकांबद्दल. मूळच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहाय्यक चालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मुमताज काझींनी १९९१ पासून मुंबईत गाड्या चालवल्या. त्यांच्या मागून आज अनेक मुली या कामात आल्या आहेत. त्यांच्यासमोरही माणसं येतात. पुरुष चालकाला सावरायला घरी बायको आहे, असा हिशेब आजवर धरला गेला. मग बाई चालकाला घरी कोण आहे? ती घरी पोचते तेव्हा तिच्यासमोर ओट्यावरची भांडी असतात. जुन्या इंजिनांत साधा संडास नाही, या मागणीसाठी चालकांना किती वर्षं झगडावं लागलं ते आपल्याला माहीत आहे. मनाच्या काळजीची मागणी त्याच्याही मागच्या रांगेत उभी आहे.

आणि ज्यांचं नावच कुणी घेत नाही त्या गँगवरच्या बायका. नवरा ड्युटीवर असताना गेला, म्हणून अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या बायका ट्रॅकवर काम करतात. ज्या कामाने नवरा नेला तेच काम. मृतदेह उचलणारे, रूळ धुणारे हात कुणाचे असतात, हेही बघा. ते बहुधा कंत्राटी सफाई कामगार किंवा हमाल असतात. जातीच्या उतरंडीत तळाला ठेवलेल्या माणसांकडेच हे काम येतं आणि 'त्यांना सवय असते' असं म्हणून विषय संपवला जातो. सवय झाली याचा अर्थ त्रास होत नाही असा नव्हे.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो चंद्रावरचा नाही. ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांत अशा अपघातानंतर चालकाला त्या गाडीवरून उतरवून दुसरा चालक पाठवण्याची पद्धत आहे. त्याला घरी पोचवतात, पगारी रजा देतात, परत येताना सुरुवातीला सोबत देतात. या पद्धती अभ्यासातून आणि कामगारांच्या रेट्यातून आल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या चालकांचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात अपघातानंतर एक महिन्याने साधारण सहा चालकांमागे एकाला आघातानंतरचा मानसिक विकार आढळला. नैराश्य, भीती असे इतर त्रास त्याहून अधिक जणांना होते. म्हणजे सगळेच आजारी पडत नाहीत. बहुतेक जण वेळ आणि आधार मिळाला की सावरतात. पण कोण सावरेल आणि कोण अडकेल ते पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून विचारपूस सगळ्यांची करावी लागते.

मदत कशी करायची, यातही जाणकारांचं मत बदललं आहे. पूर्वी वाटायचं, माणसाला लगेच बसवून सगळं बोलून टाकायला लावलं की मन हलकं होतं. तशी सक्ती उपयोगी पडत नाही, उलट काहींना त्रासदायक ठरते, असं पुढे दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन शब्दांत येतं: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला काय हवं आहे ते पाहा. तो सांगेल तेवढंच ऐका, खोदून विचारू नका. आणि घरचे, सहकारी, डॉक्टर यांच्याशी त्याला जोडून द्या. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, चिडणं हे होऊ शकतं. महिना उलटला तरी ते कमी होत नसेल, दारू वाढत असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर महिनाभरही थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो फक्त नवऱ्यांसाठी नाही. रात्र रात्र जागणाऱ्या बायकोनेही लावावा.

रेल्वेत काहीच होत नाही असं नाही. योग, ध्यान, समुपदेशनाची सत्रं काही ठिकाणी होतात. पण सत्र कुणा साहेबाच्या मर्जीवर असतं. हक्क नियमात लिहिलेला असतो. म्हणून या बैठकीत आपण पुढच्या मागण्यांचा ठराव करावा आणि त्याचं निवेदन रेल्वे प्रशासनाला व सर्व युनियनना द्यावं, असं मी सुचवते.

१. रनओव्हरनंतर चालक, सहाय्यक आणि गार्ड यांना शक्य तितक्या लवकरच्या स्टेशनवर कामातून मोकळं करावं. त्यांना एकट्याने घरी पाठवू नये.

२. त्यानंतरच्या सक्तीच्या विश्रांतीत माइलेज बुडू नये. चौकशीला किंवा कोर्टात साक्षीला गेल्यास माइलेजऐवजी भत्ता देण्याची तरतूद रेल्वेत आहेच. तीच इथे लागू करावी.

३. समुपदेशक वरिष्ठांच्या हाताखालचा नसावा. त्याच्यापाशी बोललेलं गुप्त राहावं. पात्रता तपासणी आणि समुपदेशन यांची सरमिसळ होऊ नये.

४. ही सोय गँगवरच्या स्त्री-पुरुषांना, स्टेशनवरच्यांना आणि मृतदेह उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनाही असावी.

५. कुटुंब मेळाव्यात बायकांना उपदेश करण्याऐवजी त्यांचं म्हणणं ऐकून नोंदवावं. घरात मारहाण होत असेल तर दाद कुठे मागायची, तेही तिथेच सांगावं.

६. महिला चालक आणि ट्रॅकवरच्या बायका यांना मागितल्यास महिला समुपदेशक मिळावी.

प्रत्येक गटाने आपल्या पातळीवर दोन कामं करावीत. आपल्या सल्ला केंद्राच्या अर्जात 'कामावर घडलेला अपघात' हा रकाना घालावा, एस.टी., ट्रक, रुग्णवाहिका चालवणाऱ्यांच्या घरांसाठीही तो उपयोगी पडेल. आणि आपापल्या गावातल्या रेल्वे वसाहतीत बायकांची एक बैठक घ्यावी. तिथे भाषण नको. बायका बोलतील, आपण लिहून घेऊ. निवेदनाला आकड्यांचा आधार लागतो आणि हे आकडे आज कुणाकडेच नाहीत. ते बायकांपाशी तारखेसकट आहेत.

शेवटचं एक. १९७४ च्या रेल्वे संपात मागण्या होत्या पगाराच्या, बोनसच्या, कामाच्या तासांच्या. त्याच्या आधीपासून इंजिनावरचे कामगार ड्युटीच्या तासांना मर्यादा घाला म्हणून लढत होते. त्या संपात क्वार्टर खाली करण्याच्या नोटिसा आल्या, धरपकड झाली, तेव्हा वसाहतीतल्या बायकांनी घरं लावून धरली. शरीर किती तास राबणार याला हद्द असते, हे कामगारांनी लढून मान्य करून घेतलं. मन किती झेलणार यालाही हद्द असते, आणि त्यापलीकडचा भार बायकोच्या नावावर लिहिता येत नाही, हे मान्य करून घेणं बाकी आहे. ते कामगार संघटनांनी एकट्याने करू नये आणि आपणही एकट्याने करू नये. ठरावावर चर्चा सुरू करूया.